पिंजऱ्यातले पाय

कोर्टात माणसं तोंड धुऊन येतात. भांग पाडून, इस्त्रीचे कपडे घालून, वकिलानं शिकवलेला चेहरा लावून येतात. पाय मात्र घरचेच असतात. म्हणून मी चित्र पायांपासून सुरू करते. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

माझं नाव चेलना. वय एक्कावन्न, लग्न केलेलं नाही. जळगावात आमचं कापडाचं दुकान आहे, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं, अभयकुमारचं. मी त्यांना भाईसा म्हणते. दुकानाच्या वर घर, घराच्या वर गच्ची आणि गच्चीवर पत्र्याची खोली. ती खोली माझी. उन्हाळ्यात तिथे रंग डब्यात सुकतात आणि माणूस बाहेर सुकतो.

कोर्टात कॅमेरा चालत नाही, म्हणून इथल्या एका दैनिकासाठी अकरा वर्षं मी खटल्यांची चित्रं काढते. मोठा खटला असला की बातमीदार दीपकचा फोन येतो, "ताई, उद्या पेन्सिल तासून या." पोरगा गुणी आहे, फक्त घाई फार. मग मी बाकावर कोपऱ्यात बसते आणि मऊ पेन्सिलीनं, आवाज न करता, न्यायाधीश, वकील, आरोपी कागदावर उतरवते. लोक सकाळी पेपर उघडतात, चित्र बघतात आणि त्याच पेपरवर भजी खातात. माझी काही तक्रार नाही.

तक्रार दुसरीच आहे. गच्चीवरच्या खोलीत मी माझं खरं काम करते. मोठ्या कॅनव्हासवर माणसं, पण बिनचेहऱ्याची. फक्त एक वाक, एक खांदा, बसण्याची एक तऱ्हा, आणि भोवती रंग. माझं म्हणणं असं, की माणूस तोंडात नसतोच, पाठीत असतो. तोंड काय, कोणीही बदलतं. भाभी म्हणतात, "बाई, एवढं काढताच तर तोंड तरी काढा. डोळे नाहीत, नाक नाही, रात्री गच्चीवर यायची भीती वाटते." भाभी म्हणजे लाडकुंवर, भाईसांच्या पत्नी. त्यांच्या मनात वाईट काही नसतं, पण चित्र बघताना त्या नेहमी दारातच उभ्या राहतात.

सात वर्षांपूर्वी मी इथे एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं होतं. भाईसा आले, हात मागे बांधून फिरले आणि एका चित्रापुढे चांगली दहा मिनिटं थांबले. मला वाटलं, ओळखलं! दुकानात गादीवर बसलेल्या त्यांच्याच पाठीचं चित्र होतं ते. तीस वर्षं मी ती पाठ बघते आहे. ते वळून म्हणाले, "छान आहे. सातपुडा ना हा?"

मी म्हणाले, "भाईसा, ती तुमची पाठ आहे." ते इतके हसले, की चार माणसं जमली. मग मान वळवून स्वतःची पाठ दिसते का बघू लागले. मीही हसले आणि घरी येऊन खोलीची कडी लावून रडले. सांगायला लाज कसली? भरल्या घरात मी एकटी आहे. कोणी माझ्याशी भांडत नाही, कोणी उपाशी ठेवत नाही, फक्त मी काय बघते ते कोणाला दिसत नाही. एकदा, आयुष्यात एकदा तरी कोणी माझ्या बिनचेहऱ्याच्या चित्रापुढे उभं राहावं आणि म्हणावं, अरे, हा तर अमका! एवढंच मला हवं होतं.

ते झालं. कसं झालं तेच सांगते आहे.

गेल्या वर्षी भडगावकडच्या एका केळीच्या मळ्यात ट्रक भरताना लोटन नावाच्या हमालाच्या हातून घड निसटले आणि फुटले. ट्रकमालकानं त्याला लोखंडी सळईनं मारलं. लोटन दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही. मळ्यात तेव्हा अकरा बाया कामाला होत्या. दहा जणी म्हणाल्या, आम्ही पाठमोऱ्या होतो, काही बघितलं नाही. अकरावी म्हणाली, मी बघितलं.

दबाव येतो अशा तक्रारी झाल्या म्हणून खटला जळगावहून धुळ्याला वर्ग झाला. त्या अकरावीचं नाव कागदावर कुठेच नव्हतं, 'साक्षीदार क्रमांक सात' एवढंच. पोलिसांनी सगळ्या बायांना वेगवेगळं विचारलं होतं, त्यामुळे बोललं कोण हे गावाला ठाऊक नव्हतं. ती बहिणीकडे जाते म्हणून सांगून धुळ्याला आली होती. ट्रकमालकाला बाया म्हणजे नुसत्या बाया. अकरांतल्या एकीचंही नाव त्या गृहस्थाला माहीत नव्हतं, मग आवाज कुठला ओळखणार!

मार्चमध्ये तिची साक्ष झाली. मी पहाटेची बस पकडून दहाच्या आत धुळ्याला पोचले. न्यायाधीशांनी बघ्यांना बाहेर काढलं. आरोपी आणि साक्षीदाराचा पिंजरा यांच्या मध्ये दवाखान्यात असतो तसा हिरव्या कापडाचा पडदा लावला. पत्रकारांना बसू दिलं ते अटीवर. साहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "नाव नाही, गाव नाही, आणि तुम्ही, चेहरा नाही. समजलं ना?"

मी म्हणाले, "साहेब, चेहऱ्याची मला गरज नाही." केवढा तो तोरा! आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ती आली. चाळिशीची, पदर कपाळापर्यंत ओढलेला. पिंजऱ्याच्या पायरीशी तिनं चपला काढल्या. पट्टेवाला म्हणाला, "घाल बाई चपला, हे देऊळ नाही." तिनं नाही घातल्या. खेड्यातली बरीच माणसं काढतात. देवापुढे आणि न्यायापुढे अनवाणी जायचं, असं त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, तरी काढतात.

मी मागच्या बाजूला होते, मला तिची पाठ दिसत होती आणि पिंजऱ्याच्या खालच्या फटीतून पाय. सुरुवातीला दोन्ही पाय जमिनीवर होते. मग सरकारी वकिलांनी विचारलं, "त्या दिवशी काय झालं?" आणि ती बोलायला लागली. बोलता बोलता तिचा उजवा पाय आपोआप वर उचलला गेला आणि तळवा डाव्या घोट्यावर जाऊन टेकला. तशी एका पायावर ती तासभर उभी होती. हलली नाही. त्या उजव्या पायाची करंगळी बाकीच्या बोटांपासून फटकून बाजूला गेलेली. डोक्यावर घड वाहून मान किंचित डावीकडे कललेली. आवाज बारीक होता, पण पाय खंबीर. अकरा वर्षं कोर्टात बसून मी इतकं खरं उभं राहणं पाहिलं नव्हतं.

मी काढलं. पाठ, पदर, कललेली मान, घोट्यावरचा तळवा, फटकून असलेली करंगळी. चेहरा नाही. बाहेर व्हरांड्यात दीपकनं बघितलं आणि म्हणाला, "ताई, जबरदस्त आहे. पण जरा साधं काढलं असतं तर? पदर घेतलेली एक बाई, बस."

"साधं हवं तर शाळेच्या पुस्तकातली बाई छाप," मी म्हणाले. "इथे चेहरा दिसतोय का तुला? मग झालं तर."

त्यानं कागद पिशवीत सरकवला. माझ्या तोंडाला लागायचं नाही हे त्याला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चार कॉलमांत चित्र आलं. सकाळी चहाच्या वेळी भाईसांनी पेपर उघडला आणि बराच वेळ त्यांचा कप हातातच राहिला. म्हणाले, "ही बाई शेतातली आहे. तापलेल्या मातीत अनवाणी उभी राहणारी. एक पाय भाजला की माणूस असा दुसऱ्यावर ठेवतो."

बाई गं! मला काय वाटलं ते कसं सांगू? भाईसांनी, सातपुडा म्हणणाऱ्या माझ्या भाईसांनी, माझं चित्र वाचलं होतं. भाभीसुद्धा वाकून बघत म्हणाल्या, "हिला तोंड नाही, पण भीती नाही वाटत." दिवसभर फोन येत होते. मी गच्चीवर गेले, मोठा कॅनव्हास लावला आणि तीच बाई रंगात काढायला घेतली. त्या दिवशी मी गाणं म्हणत होते. माझ्या गळ्यातून गाणं म्हणजे कावळ्यांनाही नवल.

चार दिवसांनी दीपकचा फोन आला. नेहमी घाईत बोलणारा दीपक त्या दिवशी हळू बोलत होता.

"ताई, ती बाई ओळखली गेली."

"कोणी नाव फोडलं?"

"नाव कोणी नाही फोडलं," तो म्हणाला. "चित्रावरून."

झालं होतं असं. त्या मळ्यातल्या बायांचा मुकादम छगन, हा ट्रकमालकाच्याच मर्जीतला. त्यानं पेपर मळ्यात आणला. स्वतः काही बोलला नाही. जेवायच्या सुट्टीत बायांपुढे पेपर धरला आणि म्हणाला, "देखा बरं, कोन शे हाई?" बाया भाकरी खात होत्या. त्यातली एक खळखळून हसली आणि म्हणाली, "अय, हाई ते आपली भागाबाई!"

हसून म्हणाली. तिच्या मनात पाप नव्हतं. पेपरात आपल्या मैत्रिणीचं चित्र आलं याचाच तिला आनंद झाला होता. म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिनं पदर तोंडात कोंबला म्हणे. तोवर बाण सुटला होता.

माझं आयुष्यभराचं मागणं असं पुरं झालं. कोणीतरी माझ्या बिनचेहऱ्याच्या चित्राकडे बघून म्हणालं, अरे, ही तर अमकी! करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. माझा मारुतीसुद्धा झाला नाही, दुसऱ्याच्या घराला लागलेली आग झाली.

दुसऱ्या दिवसापासून मजुरांची गाडी भागाबाईच्या दारापुढे थांबेना. तिच्या नवऱ्यालाही कामावरून घरी बसवलं. बाया पाणवठ्यावर तिच्याशी बोलेनात, कारण छगनचे डोळे सगळीकडे. आणि निरोप रोज एकच यायचा: साक्ष फिरव. उलटतपासणी अजून बाकी होती, सतरा एप्रिलला. त्या दिवशी ती आली नाही, किंवा येऊन 'मी काही बघितलं नाही' म्हणाली, की खटला संपला. लोटनला मारणारा माणूस मिशीला पीळ देत बाहेर.

"पण ताई," दीपक म्हणाला, "आपण आदेश मोडलेला नाही. चेहरा कुठे आहे चित्रात?"

"हो ना," मी म्हणाले. "चेहरा कुठे आहे! डोंबल माझं!" आणि फोन ठेवून दिला.

संपादकांचंही तेच म्हणणं. भाईसांचंही तेच. "तू कायद्यात राहिलीस," ते म्हणाले. सगळे मला सोडवायला धावत होते आणि मला कोणाच्याही हातून सुटायचं नव्हतं. कारण खरं काय ते मला एकटीला ठाऊक होतं. ती करंगळी काढायची गरज नव्हती. ती मी बातमीसाठी काढली नव्हती, तिच्यासाठी काढली नव्हती. मी माझ्यासाठी काढली. बघा, चेहऱ्याशिवाय माणूस उभा करते की नाही, हे दाखवायला काढली. हात दाखवून अवलक्षण माझं, आणि भोगणारी ती.

तिला भेटायचं ठरवलं. पाय धरायचे, माफी मागायची, काय वाटेल ते करायचं. भडगावची बस पकडली. भर दुपारी स्टँडवर उतरले, गिरणा नदीकडून गरम वारा येत होता. तिच्या गावाला जाणारा रिक्षावाला म्हणाला, "बसा ताई. कोनाकडे जानं शे?"

कोणाकडे म्हणून सांगू? भागाबाईकडे? जळगावची एक बाई, खांद्याला पिशवी लावून, भागाबाईचं घर विचारत आली, हे संध्याकाळपर्यंत छगनच्या कानावर गेलंच असतं. अजूनही कोणाच्या मनात थोडी शंका असेल तर मी जाऊन शिक्का मारणार होते. हेही माझंच समाधान करायला निघाले होते मी, तिचं नाही.

"कोणाकडे नाही, दादा," मी म्हणाले. "चुकून आले." तो माझ्याकडे विचित्र बघत राहिला. परतीची बस दोन तासांनी होती. तेवढा वेळ मी स्टँडच्या बाकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत बसले. माझ्या पिशवीत वही होती, पेन्सिल होती. त्यांना हात लावला नाही.

सोळा तारखेपर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. गच्चीवर तो कॅनव्हास अर्धा होता, तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. तोंड म्हणायची सवय, त्याला तोंड कुठलं! जेवायला खाली जायचे. आम्ही जैन, आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात. भाईसा, भाभी बोलत असायचे, दुकानाचं, पुण्याला असलेल्या अखिलचं, माझ्या भाच्याचं. मी माझ्या ताटात बघत बसायचे. एकदा भाभींनी विचारलं, "त्या बाईचं काय झालं हो?" मी म्हणाले, "सतराला कळेल." त्यांनी पोळी वाढली. त्यांना माझी काळजी होती, पण ती बाई त्यांना त्या ताटापाशी बसलेली दिसत नव्हती. मला दिसत होती, रोज.

सतराला भाभींनी डब्यात खाखरे दिले. "येताना पारोळ्यापाशी ऊन असतानाच खाऊन घ्या, नाहीतर उपाशी झोपाल," म्हणाल्या. मी मान हलवली. संपादकांनी आदल्या दिवशी कळवलं होतं, चित्र हवंच, या वेळी मोठं. मी हो-नाही काहीच बोलले नव्हते.

धुळ्याला कोर्टाच्या आवारात दीपक भेटला. "आली का?" मी विचारलं. "अजून नाही," तो म्हणाला. साडेदहा झाले. अकरा झाले. आत हिरवा पडदा लावून तयार होता. आरोपीचा वकील घड्याळ बघत हसत होता. पुकारा झाला: साक्षीदार क्रमांक सात! कोणी आलं नाही. मी हात जोडले, कोणाला जोडले कोणास ठाऊक. ये गं बाई, ये. माझ्यासाठी नको, लोटनसाठी ये.

दुसरा पुकारा झाला आणि दारात महिला पोलिसाच्या मागे ती दिसली. उशीर एसटीला झाला होता, तिला नाही. पिंजऱ्याच्या पायरीशी तिनं चपला काढल्या, आत गेली, आणि तिथे पडदा बघून थांबली.

"साहेब, हाऊ पडदा काढा," ती म्हणाली. "बठ्ठा गावले मालूम शे. आते कोनापासून दडू?"

साहेबांनी समजावलं, की सगळ्या गावाला कळलं असलं तरी पडदा तिच्या भल्यासाठी आहे. ती म्हणाली, "माले मालूम शे. काढा." पट्टेवाल्यानं पडदा ओढत बाजूला केला. तिनं पदर कपाळावरून मागे सरकवला आणि ट्रकमालकाकडे सरळ बघितलं. त्याचीच मान खाली गेली.

दीड तास उलटतपासणी चालली. वकिलानं तिला उभी आडवी फाडायचा प्रयत्न केला. किती अंतरावर होतीस? केळीच्या पानांतून दिसतं का? लोटन तुझा कोण? ती म्हणाली, "कोनी नही. लोटन मना कोनी नव्हता. पन मी देखं." एकदाही अडखळली नाही. दीपक वहीत भराभर लिहीत होता आणि मध्येच माझ्या कानाशी कुजबुजला, "ताई, जिंकली ही. काढा ना, काढा."

मी काढत नव्हते. वही पिशवीत होती. मी तिचे पाय बघत होते.

दोन्ही पाय जमिनीवर होते. एकमेकांना चिकटून, टाचा जुळवून, शाळेत बाईंनी उभं केल्यासारखे. दीड तासात एकदाही उजवा पाय हलला नाही. बोटं मात्र फरशीवर आवळली जात होती, सुटत होती, पुन्हा आवळली जात होती. ती उजवी करंगळी तिनं बाकीच्या बोटांजवळ ओढून धरली होती. आतून केवढा जोर लावावा लागत असेल त्यासाठी!

साक्ष संपली. ती व्हरांड्यात आली आणि पोलिसांच्या गाडीची वाट बघत भिंतीशी उभी राहिली. मी पुढे गेले. म्हणाले, "भागाबाई, ते चित्र मी काढलं."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं, शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. तिनं पोलक्यातून घडी घातलेला कागद काढला. पेपरातलं तेच कात्रण, घड्यांवर झिजून फाटायला आलेलं.

"तूच शे का ती?" ती म्हणाली.

"हो. माझी चूक झाली. चेहरा नाही काढला म्हणजे सगळं केलं असं वाटलं मला. मी तुमचं फार नुकसान केलं."

तिनं कात्रण उलगडलं आणि मलाच दाखवल्यासारखं धरलं. "मी अशी उभी ऱ्हास, हाई मालेच मालूम नव्हतं," ती म्हणाली. "मना मालकले बी मालूम नव्हतं. चोवीस वरीस व्हई गयात लगीनले. माले इतलं कोनी देखं नव्हतं."

मला रडू फुटलं. एक्कावन्न वर्षांची बाई मी, कोर्टाच्या व्हरांड्यात, वकिलांच्या गर्दीत रडले. मला वाटलं, तिनं माफ केलं. कोणी तरी शेवटी म्हणालं, की तू बघतेस.

पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. तिनं कात्रणाची पुन्हा घडी केली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "आते चुलापाशी बी पायकडेच ध्यान जास मनं. पाय वर गया का वाटस, कोनी देखी राहिनं." मग म्हणाली, "आते तोंड काढ बाई तुले काढनं व्हई ते. पाय नको काढू."

"नाही काढणार," मी म्हणाले. दुसरं काय बोलणार होते?

महिला पोलिसानं हाक मारली आणि ती गेली. गाडी आवाराच्या टोकाला उन्हात उभी होती, ड्रायव्हर किल्ली शोधत होता. ती गाडीच्या दाराशी माझ्याकडे पाठ करून थांबली. चपला तिच्या हातातच राहिल्या होत्या, घालायचं तिच्या लक्षात नव्हतं. एप्रिलचं ऊन, खाली तापलेलं डांबर. दीपक माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, चित्र?"

मी त्याला हातानंच गप्प केलं. तिची मान डावीकडे कलली होती. तिचा उजवा पाय हळूच उचलला गेला, तळवा डाव्या घोट्याकडे निघाला. ठेव, मी मनात म्हणाले, ठेव गं बाई, कोणी बघत नाही.

पाय अर्ध्यात थांबला. तिनं खाली बघितलं, मग वळून व्हरांड्याकडे, माझ्याकडे बघितलं. आणि तो पाय तापलेल्या डांबरावर परत ठेवला.